रीळ फेकून देण्याची घाई

घरगुती फिल्म एकदा डिजिटल करून घेतली की मूळ रीळ सांभाळण्याचे कारण उरत नाही, हे मत आता इतके रुळले आहे की त्याला कोणी पुरावा मागत नाही. त्यामागचा युक्तिवाद साधारण असा असतो: चित्र फाइलमध्ये आले म्हणजे फिल्ममधले सगळे आले; रीळ तसेही सडणारच आहे; ते दाखवायला प्रोजेक्टर कोणाकडे उरलेला नाही; आणि काही कमीजास्त राहिलेच तर संगणक ते सुधारून देतो. माळा आवरायला काढलेल्या घरात हे बोलणे शहाणपणाचे वाटते. तपासायला घेतले तर यातला एकही मुद्दा धड उभा राहत नाही, आणि पहिला मुद्दा तर फिल्म हातात घेऊनही न पाहता मांडलेला असतो.

हौशी माणसाच्या हातात सिनेमाचा कॅमेरा आला तो १९२० च्या दशकात. फ्रान्सच्या पाते कंपनीने १९२२ मध्ये ९.५ मिलिमीटरची फिल्म काढली, अमेरिकेच्या कोडॅकने १९२३ मध्ये १६ मिलिमीटरची. ती महाग पडे, म्हणून कोडॅकने १९३२ मध्ये एक हिशेबी तोडगा काढला. पट्टी १६ मिलिमीटरचीच, पण कॅमेऱ्यातून दोनदा फिरवायची. पहिल्या खेपेला अर्धी बाजू, रीळ उलटवून दुसऱ्या खेपेला उरलेली. धुऊन झाली की ती मधोमध उभी चिरायची आणि दोन पट्ट्या एकापुढे एक जोडायच्या. २५ फुटांचे ५० फूट झाले, आणि ८ मिलिमीटरचा जन्म झाला. १९६५ मध्ये सुपर ८ आली. तिची कडेची छिद्रे बारीक केल्यामुळे चौकट मोठी झाली, आणि फिल्म कार्ट्रिजमध्येच बंद असल्याने रीळ ओवण्याची कटकट संपली. सुपर ८ च्या ५० फुटांत ३,६०० फ्रेम बसतात. सेकंदाला १८ च्या गतीने ती ३ मिनिटे २० सेकंद चालते. मुंज असो नाहीतर महाबळेश्वरची सहल, एवढ्यातच उरकावी लागे.

या सगळ्या फिल्ममध्ये एक गोष्ट बहुतेक वेळा समान असते, आणि रीळ टाकून द्या म्हणणारे नेमकी तीच विसरतात. घरगुती फिल्म प्रायः रिव्हर्सल जातीची असते. जी पट्टी कॅमेऱ्यातून गेली तीच धुतल्यावर पॉझिटिव्ह होऊन प्रोजेक्टरवर चढते. चित्रपटाची निगेटिव्ह असते, तिच्यावरून काढलेल्या प्रती असतात. एक थिएटरमध्ये फाटली तर दुसरी मिळते. घरच्या रिळाला असले काही नसते. बिस्किटाच्या डब्यात पडलेले रीळ म्हणजे त्या दिवशी त्या मांडवात हजर असलेली, तिथल्या उजेडाने प्रत्यक्ष रंगलेली एकमेव वस्तू. फाइल ही तिची नक्कल आहे. ती किती चांगली हे फिल्म ठरवत नाही. नक्कल करणारे यंत्र, त्या दिवशीच्या सेटिंग आणि गिऱ्हाइकाने मोजलेले पैसे ठरवतात.

नकलेचा सर्वांत स्वस्त प्रकार म्हणजे भिंतीवर चित्र पाडून ते मोबाइलने टिपणे. त्याला 'डिजिटल करणे' म्हणणे हा शब्दाचा गैरवापर आहे. प्रोजेक्टरचा शटर एकेक फ्रेम दोनदा-तीनदा झाकतो-उघडतो, कारण सेकंदाला १६ किंवा १८ फ्रेम नुसत्या दाखवल्या तर डोळ्यांना लुकलुक असह्य होते. मोबाइलचा कॅमेरा सेकंदाला ३० चित्रे घेतो. दोघांचा ताल जुळत नाही, आणि चित्रावर काळोखाच्या लाटा चढू-उतरू लागतात. त्यात मोबाइल स्वतःच्या अकलेने उजेड आणि रंग जुळवत बसतो: पांढऱ्या धोतरातला माणूस चौकटीत आला की सगळे चित्र काळवंडते, गेला की पुन्हा उजळते. भिंतीचा रंग मिसळतो, कोपरे अंधारतात. व्हिडिओ कॅसेटच्या जमान्यातले तंत्रज्ञ निदान हिशेब करत. भारतात टीव्हीची पद्धत पाल, म्हणजे सेकंदाला ५० अर्धचित्रे. तीन पात्यांच्या शटरचा प्रोजेक्टर सेकंदाला १६ पूर्णांक दोन तृतीयांश फ्रेमवर चालवला की बरोबर ५० उघडझाप होतात आणि लुकलुक थांबते. युक्ती सुरेख होती, पण फुकट नव्हती. १८ च्या गतीने घेतलेली सुपर ८ त्यावर सुमारे ७ टक्के हळू चाले आणि १६ ची जुनी ८ मिलिमीटर ४ टक्के पळे. अशा कॅसेटमधले आजोबा जरा रेंगाळत चालतात. त्यात वयाचा किंवा गुडघ्यांचा संबंध असेलच असे नाही.

खरा स्कॅनर फिल्म पळवत नाही. तो एकेक फ्रेम स्थिर उजेडासमोर आणून तिचे स्वतंत्र छायाचित्र घेतो. गती नंतर ठरते. इथे पहिला मुद्दा अधिक बळकट होऊन परत येतो: चांगल्या स्कॅनमध्ये तरी सगळे आले ना? जुन्या ८ मिलिमीटरची चौकट साडेचार मिलिमीटरच्या आसपास रुंद असते, तांदळाच्या दाण्याहून आखूड. अशा चौकटीत अंतरपाट दूर होतानाचा क्षण आहे आणि मागे वऱ्हाड उभे आहे असे धरले, तर मागच्या रांगेतल्या आत्याबाईंचा चेहरा ०.२ मिलिमीटरचा भरेल. डीव्हीडीच्या ७२० पिक्सेलच्या रुंदीत त्या चेहऱ्याच्या वाट्याला ३२ पिक्सेल येतात. २,०४८ पिक्सेलच्या स्कॅनमध्ये ९१ येतात. आत्याबाई तेवढ्याच, फिल्म तीच. फरक फक्त कोणत्या साली कोणत्या यंत्रापुढे ती ठेवली याचा. ज्या घरांनी २००५ च्या सुमारास डीव्हीडी करून घेतली आणि रीळ रद्दीत दिले, त्यांच्याकडे आत्याबाई ३२ पिक्सेलच्या आहेत आणि यापुढेही तेवढ्याच राहतील. त्या वेळी डीव्हीडी हीच अखेरची, कायमची प्रत समजली जात होती. त्याआधी कॅसेटबद्दलही हेच सांगत असत.

पिक्सेल वाढवूनही प्रश्न मिटत नाही, कारण चौकटीबाहेरही बरेच काही असते. कोडॅकच्या फिल्मच्या कडेला वर्तुळ, चौकोन, त्रिकोण अशा बारीक खुणा छापलेल्या असतात. त्यांवरून पट्टी कोणत्या वर्षी तयार झाली ते काढता येते. त्याच खुणा दर वीस वर्षांनी परत येतात, त्यामुळे थोडा तर्क करावा लागतो, पण साड्यांच्या काठावरून साल ठरवण्यापेक्षा हे बरे. तुकडे कुठे चिकटवले आहेत तेही कडेला दिसते, म्हणजे घरच्याच कोणीतरी मधला भाग कापून टाकला होता हे कळते. नेहमीच्या कामात ही कड छाटली जाते. ग्राहकाला 'स्वच्छ' चित्र हवे असते.

कडेची किंमत काय असू शकते याचा जगातला सर्वांत परिचित दाखलाही घरगुती फिल्मचाच आहे. २२ नोव्हेंबर १९६३ रोजी डॅलसमध्ये केनेडींवर गोळ्या झाडल्या गेल्या, तेव्हा अब्राहम झाप्रुडर नावाचा कपड्यांचा व्यावसायिक ८ मिलिमीटर कोडाक्रोमवर मिरवणूक टिपत होता. साडेसव्वीस सेकंद, ४८६ फ्रेम. त्याच दिवशी तिच्या तीन प्रती काढल्या गेल्या. कॅमेऱ्याच्या गेटमधून छिद्रांच्या मधल्या जागेवरही प्रतिमा उमटली होती; त्यात रस्त्याकडेची माणसे, वाहने दिसतात. ती प्रोजेक्टरवर दिसत नाही आणि त्या प्रतींतही उतरली नाही. ती फक्त मूळ पट्टीवर आहे. उलट, मूळ पट्टी पुढे ती विकत घेणाऱ्या साप्ताहिकाच्या प्रयोगशाळेत हाताळताना फाटली आणि तिच्यातल्या चार फ्रेम गेल्या. त्या मात्र पहिल्या प्रतींमुळे उरल्या. प्रत हवीच आणि मूळही हवेच, हे याहून नेमके कसे दाखवणार? अमेरिकी सरकारने १९९९ मध्ये या पट्टीचे १ कोटी ६० लाख डॉलर मोजले. तोवर तिचे चित्र जगाने असंख्य वेळा पाहून झाले होते. माळ्यावरच्या बारशाच्या रिळाला कोणी डॉलर देणार नाही हे खरे, पण मूळ आणि प्रत यांतले नाते दोन्हीकडे तेच आहे.

रीळ सडणारच, हा दुसरा मुद्दा अर्धा खरा आहे, आणि अर्धे खरे मुद्दे खोडायला नेहमीच जड जातात. आधी एक निष्कारण भीती बाजूला काढावी लागते. जुनी फिल्म पेट घेते असे सांगून घराघरांतली रिळे बाहेर काढली जातात. पेट घेते ती नायट्रेटची फिल्म, आणि ती ३५ मिलिमीटरच्या व्यावसायिक सिनेमाची. जानेवारी २००३ मध्ये पुण्यात राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाच्या साठ्याला लागलेली आग नायट्रेटची होती. कोडॅकची १६ आणि ८ मिलिमीटर फिल्म पहिल्यापासून अ‍ॅसिटेटवर निघाली, कारण ती दिवाणखान्यात चालायची होती. तिच्या कडेवर 'सेफ्टी' असे लिहिलेलेच असते.

अ‍ॅसिटेटचा आजार वेगळा. दमट उष्ण हवेत त्यातून अ‍ॅसिटिक अ‍ॅसिड सुटते, डबा उघडला की व्हिनेगरचा उग्र वास येतो, आणि सुटलेले अ‍ॅसिड पुढची झीज आणखी वाढवते. पट्टी आकसते, वळते, ठिसूळ होते. ट्रायअ‍ॅसिटेटची फिल्म १९४८ मध्ये आली आणि दहा वर्षांच्या आत ती सडत असल्याची पहिली तक्रार कोडॅककडे गेली ती भारत सरकारची. तेव्हा मुंबई-कोकण-गोव्याच्या हवेत फिल्म धोक्यात असते यात शंका नाही. पण 'सडते' आणि 'सडणारच' यांत तापमानाचे अंतर आहे. रॉचेस्टरच्या इमेज पर्मनन्स इन्स्टिट्यूटच्या तक्त्यांनुसार २१ अंश तापमान आणि ५० टक्के आर्द्रतेत ताज्या अ‍ॅसिटेटला हा आजार जडायला सुमारे ४० वर्षे लागतात, आणि थंडी-कोरडेपणा वाढवला की हा काळ कित्येक पटींनी लांबतो. ही मुदत आजार सुरू होण्याची आहे, फिल्म संपण्याची नव्हे. पत्र्याच्या छपराखालच्या माळ्यावर ठेवलेले रीळ आणि त्याच घरातल्या खालच्या खोलीत भिंतीपासून दूर कपाटात ठेवलेले रीळ, यांचे आयुष्य सारखे नसते. बुरशीचेही तसेच. हवेतला ओलावा बराच वेळ ६०-६५ टक्क्यांच्या वर राहिला की जिलेटिनवर ती हात-पाय पसरते. बुरशी लागलेले जिलेटिन पाण्यात विरघळते, म्हणून ओल्या फडक्याने रीळ पुसणारा सफाई करत नसून चित्रच पुसत असतो. डांबरगोळ्यांचाही उपयोग नाही. घरच्या घरी करण्याजोगा सर्वांत चांगला उपाय नो-फ्रॉस्ट फ्रीजरचा आहे: कोरड्या दिवसांत भरलेला डबा एकात एक अशा दोन घट्ट झिपच्या पिशव्यांत घालून ठेवायचा, आणि बाहेर काढल्यावर खोलीच्या तापमानाला येईपर्यंत पिशवी उघडायची नाही. थंड फिल्मवर दव धरले की सगळे मुसळ केरात.

सगळ्या फिल्म एकसारख्या खराबही होत नाहीत. कोडाक्रोमचे रंग अंधारात दशकानुदशके टिकतात. ते विटतात प्रोजेक्टरच्या दिव्याखाली. म्हणजे ज्या रिळाला कोणी विचारले नाही, तेच बहुधा सर्वांत ताजे असते. सत्तरच्या दशकातल्या इतर काही रंगीत फिल्म गुलाबी पडतात. फुजीची सिंगल ८ पॉलिएस्टरवर असल्यामुळे तिला व्हिनेगरचा आजार होतच नाही. उलट कडेला आवाजाची चुंबकी पट्टी असलेली सुपर ८ लवकर बिघडते, कारण त्या पट्टीतले लोहाचे ऑक्साइड झिजेला हातभार लावते. हे काहीही न पाहता सरसकट 'सडणारच' म्हणणे म्हणजे नाडी न बघता रोग्याला स्मशानात नेणे.

सडलेले रीळसुद्धा संपलेले असतेच असे नाही. डेव्हिड कुर्त्झ या अमेरिकी प्रवाशाने १९३८ च्या उन्हाळ्यात पोलंडमधल्या नाशेल्स्क या जन्मगावी १६ मिलिमीटरवर तीन मिनिटे टिपली. गावातले जवळजवळ सगळे ज्यू पुढच्या काही वर्षांत मारले गेले. २००९ मध्ये नातवाला फ्लोरिडातल्या आईवडिलांच्या कपाटात ते रीळ सापडले तेव्हा ते आकसलेले, वळलेले, चिकटलेले होते. वॉशिंग्टनच्या होलोकॉस्ट संग्रहालयाकडे गेल्यावर त्यावर उपचार झाले आणि ते स्कॅन झाले. चित्र लोकांपुढे आल्यावर गर्दीतला तेरा वर्षांचा एक मुलगा ओळखला गेला. तो नव्वदीच्या उंबरठ्यावर हयात होता. त्यावर निघालेल्या माहितीपटात एका दुकानाच्या पाटीवरचे अक्षर न् अक्षर लावण्यासाठी किती खटाटोप करावा लागला ते दिसते. अशा वेळी फिल्मचा प्रत्येक कण मोलाचा असतो.

प्रोजेक्टर नाही, हा तिसरा आक्षेप फार काळ घेण्याजोगा नाही. रीळ ठेवायचे ते प्रोजेक्टरवर चढवण्यासाठी नव्हेच. आकसलेली पट्टी दात्यांवर चढवली तर छिद्रे फाटतील. आजचे चांगले स्कॅनर दात्यांशिवाय, रुळांवरून फिल्म नेतात आणि छिद्रांची जागा प्रकाशाने ओळखतात. शिवाय फिल्म वाचायला मुळात यंत्र लागत नाही. खिडकीपाशी धरून भिंगातून पाहिले तरी मुंडावळ्या दिसतात. कॅसेटचे तसे नाही. जगातल्या शेवटच्या मोठ्या व्हीसीआर उत्पादकाने, जपानच्या फुनाई कंपनीने, जुलै २०१६ मध्ये उत्पादन थांबवले आणि लाखो घरांतल्या 'सुरक्षित' प्रती मुक्या झाल्या. पेनड्राइव्ह आणि हार्डडिस्क त्याच रांगेत उभ्या आहेत. हार्डडिस्क काही वर्षांनी बदलावी लागते, डीव्हीडीचा थर उडतो, आणि हे सगळे कोणतीही पूर्वसूचना न देता घडते. फिल्म वासाने तरी सांगते. ऑस्कर देणाऱ्या अकादमीने २००७ च्या अहवालात एका पूर्ण चित्रपटाची डिजिटल मूळप्रत सांभाळण्याचा वर्षाचा खर्च १२,५१४ डॉलर काढला होता. फिल्मच्या मूळप्रतीचा १,०५९. ते आकडे हॉलिवूडच्या कामाचे आणि त्या काळचे आहेत, घरच्या चार रिळांना जसेच्या तसे लागू होत नाहीत. पण डिजिटल झाले म्हणजे सांभाळण्याची कटकट गेली, या समजाला त्यांनी मोठ्या घरात उत्तर दिले आहे.

उरला संगणकाचा दिलासा. २०२० मध्ये लुमिएर बंधूंच्या आगगाडीची फिल्म सेकंदाला ६० फ्रेम आणि ४ के अशा नव्या अवतारात जगभर फिरली, आणि तेव्हापासून घरची फिल्मही 'एआयने करून' मागण्याची टूम निघाली. असा प्रोग्रॅम जुने चित्र स्वच्छ करत नाही. लाखो इतर चित्रांवरून तो इथे काय असावे याचा अंदाज बांधतो आणि तो रंगवतो. ३२ पिक्सेलच्या आत्याबाईंना तो रेखीव भुवया देईल, दात देईल, कातडी तुकतुकीत करील. ती बाई आत्याबाईंसारखी दिसेल, पण कपाळावरचा देवीचा व्रण जाईल, कारण प्रोग्रॅमच्या लेखी तो डाग आहे. सेकंदाला १८ च्या ६० फ्रेम करताना मधल्या ४२ तो मनाने घालतो. गंमत म्हणून हे करायला हरकत नाही. मात्र अंदाजाची तपासणी करायची तर मूळ हवे, आणि जिथे चित्र अधिक हवे तिथे ते फिल्ममध्येच असते. पुन्हा स्कॅन केले की अंदाजाची गरज तेवढी कमी होते.

डिजिटल करणे चुकीचे आहे असा याचा अर्थ मुळीच नाही. ते करावे, आणि व्हिनेगरचा वास येऊ लागला असेल तर लगेच करावे. फक्त करून घेताना काय मागायचे ते माहीत असावे. फ्रेमवार स्कॅन, कडा आणि छिद्रांसकट. मूळ गतीची नोंद. कृत्रिम धार न लावलेली, न सुधारलेली एक प्रत वेगळी. ती मोठी होते: २ के मधल्या आकुंचन न केलेल्या ३,६०० फ्रेम ४५ जीबीच्या आसपास जातात. पाहायला आणि नातेवाइकांना पाठवायला छोटी फाइल वेगळी काढता येते. सुपर ८ ला कडेने तपकिरी पट्टी दिसली तर आवाजही उतरवायला सांगावे. त्यात आवाज चित्राच्या १८ फ्रेम पुढे असतो, आणि तो मागितला नाही तर बऱ्याच ठिकाणी मुकी फाइलच हातात पडते. काम संपल्यावर रीळ, त्याची पेटी आणि पेटीवरचा टपालाचा शिक्का यांसकट परत घ्यावे. 'आम्हीच विल्हेवाट लावू' ही सेवा नाकारावी.

परत आलेले रीळ प्लास्टिकच्या, हवा खेळती राहील अशा डब्यात आडवे ठेवतात. वास येणारे रीळ बाकीच्यांपासून वेगळे ठेवावे लागते, कारण त्याची वाफ शेजारच्या रिळांनाही बाधते. अ‍ॅसिड मोजणाऱ्या कागदी पट्ट्या मिळतात. दिवसभर डब्यात ठेवल्यावर निळ्याच्या हिरव्या आणि पुढे पिवळ्या होतात, आणि रंगावरून आजार कुठवर आला ते कळते. डब्यात पेन्सिलीने लिहिलेली एक चिठ्ठी असावी: कोणाचे लग्न, कोणते गाव, अंतरपाटामागे डावीकडून कोण कोण. ही नावे स्कॅनरला वाचता येत नाहीत, आणि ती सांगू शकणारी माणसे बहुधा ऐंशीच्या पुढची असतात, म्हणून चिठ्ठीचे काम स्कॅनच्या आधी उरकावे.